अंगठ्यापर्यंत

डॉक्टरने जुनी काच मायक्रोस्कोपखालून काढून नवी सरकवली, आणि थोड्या वेळाने पुन्हा जुनी. जांभळ्या-गुलाबी पेशींचे घोळके, मध्येमध्ये कांद्याच्या पापुद्र्यांसारखी वर्तुळं. जुनी काच एका शिंप्याच्या, तीन वर्षांपूर्वी कापून काढलेल्या अर्ध्या जिभेची. नवी त्याच्याच उजव्या अंगठ्याची.

"नखुरडंच असणार, बघून टाक," सर्जन फोनवर म्हणाला होता. औषधं झाली, चीर देऊन झाली, पू काही निघेना. म्हणून त्याने तुकडा काढून तिच्याकडे तपासायला पाठवला होता.

नखुरडं नव्हतंच. कॅन्सर होता, आणि आता प्रश्न एवढाच होता की आला कुठून. अंगठ्याच्या कातडीतच उगवला असेल, तर पेर कापलं की माणूस सुटला. जिभेतून रक्तावाटे आला असेल, तर मग तो आणखी कुठेकुठे जाऊन बसलाय, ते शोधत फिरायचं. जिभेचा कॅन्सर गळ्यात उतरतो, फुफ्फुसात जातो. बोटाच्या टोकाला पोहोचलेला तिने पुस्तकात दोन ओळींपुरता वाचला होता, म्हणूनच तर जुन्या काचा मागवल्या.

कातडीतलाच निघावा, असं तिला फार वाटत होतं. तिला काय वाटतं याचं काचेला काय! वरची कातडी शाबूत होती, गाठीशी तिचा कुठेही सांधा नव्हता. गाठ आतून, हाडातून वर आली होती. आणि दोन्ही काचांवरच्या पेशी सख्ख्या बहिणी शोभाव्यात अशा.

जुन्या काचा घेऊन आलेलं जोडपं बाहेर बाकावर बसलं होतं. काचा परत द्यायच्या होत्या. शिपायाच्या हातीही देता आल्या असत्या, पण ती स्वतःच उठली.

"झालं का हो डॉक्टर? नखुरडंच ना?" शिंप्याच्या बायकोने काचांची डबी घेत विचारलं.

शिंपी काहीतरी म्हणाला. तोंडात गरम घास असावा तसे शब्द, कडाच नसलेले.

"म्हणतात, सुई टोचली होती," बायकोने सांगितलं. "तीस वर्षं हे बोलले नि मी ऐकलं. आता यांचंही मीच बोलते. फिट्टंफाट!"

शिंपी हसला. हसणं मात्र त्याचं त्यालाच करता येत होतं.

"दुखतो का अंगठा?" डॉक्टरने त्याला विचारलं.

तो बोलला.

"फारसा नाही म्हणतात," बायको म्हणाली, आणि उगाचच त्याची कॉलर नीट करू लागली.

डॉक्टरच्या कानाला एव्हाना त्याच्या बोलण्याची सवय होऊ लागली होती. तो म्हणाला होता, झोपू देत नाही.

मग शिंपी पुढे वाकला. एकेक शब्द सुटा करून, हळू बोलला.

"तेच आहे ना?"

"काम कधी सुरू करू, विचारतात," बायको घाईघाईने म्हणाली. तिचे डोळे मात्र डॉक्टरला हात जोडत होते.

रिपोर्ट सर्जनकडे जाईल, तेच सांगतील, असं म्हणून आत जाता आलं असतं. रीतही तीच होती. डॉक्टर बाकावर त्याच्या शेजारी बसली.

"हो," ती त्याच्याकडे बघत म्हणाली. "तेच आहे. जिभेतलंच. आणखी कुठे आहे का, ते आधी बघू. मग पुढचं ठरवू. दुखण्याचं मात्र आजच बघायला सांगते सर्जनना."

माप मनात आधीच घेऊन ठेवल्यासारखी शिंप्याने मान हलवली. बायको डबीचं झाकण उघडत-मिटत राहिली.

त्याने तिच्या हातावर हात ठेवला आणि बोलू लागला. बराच वेळ, खालच्या आवाजात, अडखळत. डॉक्टरला त्यातलं अक्षर कळलं नाही. बायको ऐकत होती. मध्येच एकदा तिला हसू फुटलं, मग तिने तळहाताने डोळे पुसले.

त्याचं बोलणं संपलं. ती अर्थ सांगेल म्हणून डॉक्टर तिच्या तोंडाकडे पाहत राहिली.

"हे तुमच्यासाठी नव्हतं," बायको म्हणाली.