साडेसातची मॅच

अब्बा पटकन खुर्चीवरून उठले, "तू बस बेटा, मी हितं बरा," म्हणाले आणि स्वतःच्याच घरात, स्वतःच्याच कमाईच्या टीव्हीसमोर, दाराजवळच्या स्टुलावर पाहुण्यासारखे टेकले.

रिझवाना बसली. नको म्हणायचं होतं तिला, पण मग "नाय अब्बा, तुम्ही बसा" आणि "नाय बेटा, तू बस" हेच मॅच सुरू होईपर्यंत चाललं असतं. गेले चार महिने दुसरं काय चाललेलं घरात?

मॅच फुटबॉलची, इंग्लंडातली. तिकडे दुपारचे तीन, इकडे रोह्यात साडेसात. लाल जर्सीवाले हे दोघांचे, म्हणजे अगदी रिझवाना पाचवीत असल्यापासून. अब्बा तेव्हा कतारला, एका कंपनीच्या स्टोअरवर. शनिवारी ते मेसमधल्या टीव्हीसमोर बसून फोन लावायचे, आणि इकडे ती अम्मीच्या मोबाइलवर तीच मॅच लावून बसायची. मॅच संपेपर्यंत फोन चालूच! काय काय निघायचं त्यात, रेफ्रीचं टक्कल, तिचे गणिताचे मार्क, अम्मीची करपलेली बिर्याणी. आणि गंमत म्हणजे दोन वर्षांनी अब्बा महिनाभर घरी आले की दोघं एकदम गप्प. परत गेले की पुन्हा बडबड सुरू.

आता तर ते कायमचेच आले होते. आणि रिझवाना अकरावीत, त्यांच्या खांद्याला लागलेली. फोनवर "काय गो शहाणे" म्हणणारा माणूस समोरासमोर "बेटा" म्हणत होता, जेवताना वाटी तिच्याकडे सरकवून खाली बघत होता.

मॅच सुरू व्हायच्या जरा आधी अंगणात त्यांचा फोन वाजला होता. कतारचे वाजिदचाचा. रिझवाना खिडकीतच होती.

"व्हिसा तयार हाय म्हणतोस?... आजच सांगू?" अब्बा गेटची कडी उगाच लावत-काढत होते. "नाय रे, बरी हायत सगळी. माझ्यावाचून काय अडलंय त्यांचं. मॅच संपली की सांगतो तुला."

इथं जवळच, नागोठण्याच्या कंपनीत ठेकेदाराकडून अब्बांना काम मिळत होतं, एक तारखेपासून. त्याला मात्र अब्बा पंधरा दिवस नुसतं "बघू" म्हणत होते.

म्हणजे मॅच संपली की संपलंच. रिझवानाच्या डोळ्यांसमोर बॉल पळत होता आणि तिला काहीच दिसत नव्हतं.

"पाणी देऊ अब्बा?"

"नको बेटा."

कॉर्नर झाला, बॉल गोलच्या आडव्या दांडीला आपटला. एरवी दोघांनी फोन डोक्यावर घेतला असता. अब्बा नुसतं "अरारा" म्हणाले, तेही हळूच.

अम्मी बोंबील तळता तळता दारात आली. "काय गो, मय्यत झालीय काय घरात? मॅच बघताय ना?"

"बघतोय ना," दोघं एकदम म्हणाले, आणि त्याचंच दोघांना ओशाळल्यासारखं झालं.

हाफटाइम झाला. रिझवाना उठली, "येते" म्हणाली आणि सरळ गच्चीवर गेली. टाकीला टेकून मोबाइलवर मॅच लावली, आवाज बंद केला, इयरफोन घातला आणि नंबर लावला.

खाली रिंग वाजली. एक, दोन... वाजिदचाचांचा समजून अब्बा फोन उचलतच नाहीत की काय!

"हॅलो?"

"मी बोलतेय."

खाली टीव्हीवर जाहिरात चालू होती, ती फोनमधूनही ऐकू येत होती. मग ती बारीक झाली, अब्बांनी आवाज कमी केला असावा.

"कुठं हायस?"

"गच्चीवर."

खुर्ची ओढल्याचा आवाज आला. "काय गो शहाणे," अब्बा म्हणाले, "तो आपला गोलकीपर काय जेवून आलाय का? वळतच नाय."

रिझवाना एवढी हसली की तिला टाकीचा पाइप धरावा लागला. "अब्बा, ह्यांची मॅच तिथं तीनलाच का असते?"

"शंभरदा सांगितलंय तुला."

"परत सांगा ना."

"अगो, तिथल्या गिरणीवाल्यांना शनिवारी अर्धी सुट्टी. भोंगा झाला की लोक जेवून थेट ग्राउंडवर. म्हणून तीन. त्याच्या कितीतरी आधी चीनचे शिपाई पिसं भरलेला चामड्याचा बॉल मारत होते म्हणे, पण जगभर नेला तो इंग्रजांच्या बोटींनी. जिथं बंदर, तिथं बॉल. आमच्या मेसमध्ये बघ, घानाचा वेल्डर, नेपाळी कुक, इजिप्तचा फोरमन. एकाची भाषा दुसऱ्याला येत नाय, पण रेफ्रीला दिलेली शिवी सगळ्यांना कळायची."

"आणि गोल झाला की तुम्ही फोनवर हात ठेवायचात."

"मग? तुझा मोबाइल मागं चालायचा ना. आधीच सांगितलं तर तुझी मजा काय राहिली?"

"मला कळायचं तरी."

"कसं?"

"तुम्ही एकदम गप्प व्हायचात."

सेकंड हाफ सुरू झाला होता. लाल जर्सीवाला एक पोरगा डावीकडून बॉल घेऊन निघाला. खाली, समोर बसून जे चार महिने तोंडातून निघालं नव्हतं, ते रिझवाना इथं टाकीशेजारी पटकन बोलून गेली.

"अब्बा, जाताय काय परत?"

अब्बा गप्प झाले.

तिनं मोबाइलकडे बघितलं. नक्की गोल झाला असणार, आता दिसेल. पोरगा पुढे आला, एकाला चकवलं, बॉल मारला, आणि तो सरळ प्रेक्षकांत गेला. गोल नव्हताच.

फोनमध्ये टूं टूं वाजायला लागलं. दुसरा कॉल येत होता.

"वाजिदचाचा असतील," ती म्हणाली. "घ्या तुम्ही."

टूं टूं वाजत राहिलं. मग थांबलं.

"नागोठण्याला शनिवारी संध्याकाळची शिफ्ट लावतात काय गो?" अब्बांनी विचारलं.

"माहीत नाय." तिनं इयरफोन कानात नीट दाबला. "आधीच बोलून ठेवा ठेकेदाराशी."

"व्हय. बोलायलाच पाहिजे."

जिन्यावर चपला वाजल्या. अब्बा फोन कानाला लावूनच वर आले. तिच्याकडे न बघता गच्चीच्या पलीकडच्या कठड्यावर नदीकडे तोंड करून बसले. "हां, काय म्हणत होतीस? तो डावीकडचा पोरगा. कधी पास देतो काय बघ."

"नाय देत, हावरट हाय," रिझवाना त्यांच्या पाठीकडे बघत फोनमध्ये म्हणाली.

"रिझवाना!" खालून अम्मी ओरडली. "टीव्ही भिंतींना दाखवताय काय? अब्बा कुठं गेले गो तुझे?"

"फोनवर हायत!" रिझवाना म्हणाली.