केवळाबाईनं ओढलेली मोटार

जळकोटबाहेरच्या टेकाडावर सकाळपासून दोन-अडीचशे माणूस जमलं होतं. मधोमध हणमंतराव देशमुखांची जुनी काळी मोटार. आत कुणी नाही, इंजिन बंद, हातब्रेक ओढलेला. आणि तरी ती मुंगीच्या पावलानं उतरून चालली होती. थेट पायथ्याच्या विधवा केवळाबाईच्या झोपडीकडं.

"सरकली! सरकली गं बाई!"

"लोखंडाला पाय फुटले!" भभूतनाथ महाराज गरजले. अंगाला राख, गळ्यात कवड्या आणि देशमुखांच्या तुपावर तुकतुकीत झालेलं पोट. "चेटकीण ओढून राहिली! थांब, तुला बांधतो. ओम् ह्रीं फट्!"

त्यांनी लाल फडक्यात बांधलेला मंतरलेला नारळ चाकापुढं सारला. मोटार थबकली. जयजयकाराला ऊत आला.

ही निजामी अमलाच्या अखेरच्या वर्षांतली गोष्ट. मी तिथल्या सरकारी मदरशात, म्हणजे शाळेत, मास्तर होतो. गावात मोटार एकच, त्यामुळं तिला काय होतं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. टेकाडावर उभी केलेली ती महिन्याभरात तीनदा त्या उतारावरून घरंगळली. तिसऱ्या वेळी केवळाबाईची गाभण शेळी तिच्याखाली चिरडली. नुकसान त्या विधवेचं झालं, आणि चेटकीणही तीच ठरली! तिचं चेटूक सगळ्यांना दिसावं म्हणून आज मोटार मुद्दाम पुन्हा तिथंच उभी केली होती. आदल्या दिवशी कुणीतरी तिला दगड मारला होता. कपाळाला बांधलेलं चिरगूट रक्तानं कडक झालं होतं. महाराजांचा निवाडा झालाच होता: उकळत्या तेलातून नाणं काढून दाखव, नाहीतर दिवस मावळायच्या आत गाव सोड. तिच्या जागेवर मग महाराजांची धर्मशाळा व्हायची होती.

"मी काय केलं ओ? माझीच शेळी गेली," ती म्हणत होती. कोण ऐकतो!

मी दोनदा बोलून पाहिलं. "मास्तर, पोरं शिकवा," म्हणून देशमुखांनी मला गप्प केलं. तेव्हा मी तडक पिठाच्या गिरणीत गेलो आणि इंजिन चालवणाऱ्या गुरुपादप्पाला घेऊन आलो.

गुरुपादप्पा थेट मोटारीपाशी गेला. मोटारीत हात घालून त्यानं हातब्रेकचा दांडा सोडला आणि पुन्हा ओढला. एकेक दाता ओलांडत, कटकट करत तो पार शेवटपर्यंत आला.

"देशमुख, दांडा चार-पाच दात्यांत आवळायला पाहिजे. ह्यो आभाळाला लागला, तरी ढिलाच हाय."

"यंत्राला शिवू नको, पाप्या!" महाराज ओरडले. "देवी कोपली तर तुझी गिरणी बंद पडंल!"

"ती तेल सरलं की रोजच बंद पडती."

कुणीतरी फिसकन हसलं. गुरुपादप्पा देशमुखांकडं वळला. "मालक, मोटार वर घ्या अन् टेकाडाच्या त्या अंगाला उभी करा. ब्रेक ओढून खाली उतरा."

त्या अंगाला खाली महाराजांचा मठ होता. देशमुख चिडले होते, पण अडीचशे माणसं बघत होती. त्यांनी मोटार तिकडं लावली, ब्रेक ओढला, खाली उतरले. क्षणभर काही झालं नाही. मग मोटार सरकली. मठाकडं!

"आता कोण ओढून राहिलं?" गुरुपादप्पानं विचारलं. "महाराज, तुमी बी चेटूक करता का काय?"

महाराज नारळ घेऊन धावले. मी मधेच गाठून तो हिसकावला आणि फडकं सोडलं. आत नारळ नव्हताच. बाभळीची तासलेली पाचर होती! तोवर गुरुपादप्पानं चाकापुढं धोंडा टाकला. मोटार थांबली. धोंडा मंतरलेला नव्हता.

मग तो मोटारीखाली शिरला. ब्रेकची तार ताणून ताणून लांबली होती. मागची चाकं काढली, तर ब्रेकचे पट्टे तेलानं माखलेले. तेल लागलेल्या हातातून घागर निसटावी, तसं चाक त्यातून निसटत होतं. त्यानं पट्टे पेट्रोलनं पुसले, कानशीनं खरबडले, तार ताणणारी चाकी आवळून ढील काढली. "नांदेडहून नवे पट्टे आणा. तवर उतारावर चाकाला धोंडा लावत जावा."

मोटार पुन्हा केवळाबाईच्या अंगाला उभी केली. दांडा पाचव्या दात्यावर घट्ट झाला.

"बाई, आत बसा," गुरुपादप्पा म्हणाला. "चेटकीणच आत बसली म्हंजे मोटार पळायलाच पाहिजे."

केवळाबाई मागच्या गादीवर बसली. मी मनात शंभर अंक मोजले. मोटार जागची हलली नाही.

माणसं एकेक करून पांगली. महाराज त्याच दुपारी उमरीकडं गेले म्हणे. तिकडंही त्यांना भक्त मिळाले असतील. देशमुखांनी शेळीचं नाव काढलं नाही. दगड कुणी मारला, तेही कुणी कबूल केलं नाही. केवळाबाईच्या कपाळावरचा व्रण मात्र मरेपर्यंत राहिला.

गुरुपादप्पाला ते काम करायला एक तास लागला. तो तास गावानं महिनाभर आधी दिला असता, तर एक शेळी जगली असती आणि एका बाईचं रक्त सांडलं नसतं. एखाद्या गोष्टीचं कारण कळत नसेल, तर वाकून खाली बघा, जाणत्याला विचारा. मोटार नादुरुस्त असेल तर मोटारीला हात घाला. बाईला दगड मारून ब्रेक लागत नाही.