पाठीवरचं तेल

प्रेमलाआत्या त्या सकाळी नटूनथटून बसली होती. मोतिया रंगाची साडी, अंबाड्यात अबोलीचा गजरा, आणि खांद्यापासून बोटांपर्यंत चोपडलेलं खोबरेल तेल. उल्का कॅमेरा घेऊन खोलीत आली आणि दारातच थबकली.

"अगं आत्या, तेल कशाला लावलंस?"

"मग काय खरखरीत हात घेऊन बसू? जन्मात पहिल्यांदा कुणी माझा फोटो मागितलाय."

आत्याच्या अंगावर जन्मापासून खवले होते. डॉक्टर त्या आजाराचं लांबलचक नाव सांगत. आळीतले लोक नुसतं "मासोळी" म्हणत. लग्नाचा विषय कुणी काढलाच नाही. भावाची बायको गेली तेव्हा त्याची लहानगी पोर, उल्का, आत्यानंच वाढवली. आत्याला पथ्य एकच: आंघोळ झाली की तेल. पाठीच्या मधोमध हात पोचत नसे, तिथं उल्का लावायची. शाळेचं दप्तर पाठीला अडकवलेलं असायचं तेव्हापासून.

आता उल्का कर्वेनगरात एका कंपनीत परदेशी कॉम्प्युटर गेममधल्या राक्षसांना कातडी चढवत होती. सध्या समुद्रातून वर येणाऱ्या अर्ध्या माणसांचं काम होतं. तिकडच्यांना म्हणे अशा अर्ध्यामुर्ध्यांनी घाम फुटतो. आपण हत्तीच्या तोंडाला मोदक दाखवतो, सिंहाच्या तोंडापुढं हात जोडतो. उल्काला आधी हसूच यायचं. मग मंदी आली, ऑफिसातल्या निम्म्या खुर्च्या रिकाम्या झाल्या आणि हसू आटलं.

"उल्का, हे खवले आहेत की बाथरूमच्या टाइल्स?" टीम लीड शुभंकरनं विचारलं होतं. "क्लायंटला खरं दिसायला हवंय. नाही जमलं तर सांग, आपण दोघं वडापावची गाडी टाकू."

तेव्हा तिला आत्या आठवली. समुद्राच्या राणीसाठी हवेत फोटो, असं तिनं आत्याला सांगितलं.

"तेल चकाकतं गं," उल्का म्हणाली. "खवले नीट येत नाहीत. थोडे दिवस लावू नकोस."

"या थंडीत?"

"थोडेच दिवस."

आत्यानं गजरा काढून फळीवर ठेवला. "राण्यांना तेल चालत नाही वाटतं," म्हणाली आणि साबणानं हात धुऊन आली.

कातडी आधी पांढुरकी झाली, मग तडकली. डाव्या कोपराला भेग पडून रक्त आलं. आत्या रात्री कुशीवर वळताना कण्हायची, सकाळी मात्र बाही वर करून उजेडाला बसायची.

"हसू का गं?"

"चेहरा नकोय, आत्या."

क्लायंट बेहद्द खूश झाला. "कुठं मिळालं हे?" शुभंकरनं विचारलं.

"नेटवर," उल्का म्हणाली.

आत्या मात्र पिच्छा सोडेना. "दाखव की माझी राणी." शेवटी एका रविवारी आंघोळ करून, तेलाची वाटी हातात घेऊन ती कॉम्प्युटरसमोर येऊन बसली. उल्काला आणखी टाळता येईना.

हिरवट पाण्यातून ती वर आली. वर बाई, खाली वळवळणारं काहीतरी. आत्या पुढं वाकली. डाव्या कोपराची भेग तिनं लगेच ओळखली.

"ही काय करते?"

"पाण्यातून बाहेर येते."

"मग?"

"लोक पळतात."

"ते मला ठाऊक आहे. मग?"

उल्का माऊस फिरवत राहिली. "मग मारतात तिला."

पडद्यावर तेच चाललं होतं. आत्यानं शेवटपर्यंत पाहिलं.

"तुझी नोकरी राहिली ना?"

"राहिली."

"मग झालं."

तिनं हातांना तेल लावलं, पायांना लावलं. सवयीनं उल्कानं वाटीत बोटं बुडवली आणि तिच्या मागं गेली. आत्यानं पदर पाठीवरून ओढून घेतला.

"राहू दे."

दुसऱ्या दिवशी आंघोळ झाल्यावर आत्यानं खोलीचं दार आतून लावून घेतलं. उल्का पोळ्या करायला ओट्याशी गेली तर उलथनं जागेवर नव्हतं. नंतर ते मोरीत सापडलं. त्याच्या टोकाला जुन्या साडीचं फडकं घट्ट बांधलेलं होतं, तेलानं ओलं.