अर्धं पुस्तक

बँकेच्या परीक्षेचे अर्ज नणंद-भावजयांनी एकाच दुपारी भरले, आणि दिवेलागणीच्या आत शब्दांचं पुस्तक मधोमध फाटलं. ते क्लासच्या सरांनी स्वतः छापलेलं. एका घराला एकच प्रत. बाजारात इंग्रजी शब्दांची पुस्तकं पोत्यानं मिळत, पण पेपरात येणारे शब्द फक्त आपल्याकडे आहेत, असं सर छातीठोकपणे सांगत आणि दोघींना ते पटलेलं होतं. ओढाताणीत ए ते एल नणंदेच्या हातात राहिलं, एम ते झेड वहिनीच्या.

नणंदेची ही शेवटची खेप. पुढच्या वर्षी ती वयाच्या अटीत बसत नव्हती. दिवसभर दवाखान्यात ती पेशंटचे नंबर पुकारायची, आणि त्याच खुर्चीत म्हातारं व्हायची तिची तयारी नव्हती. गणितात तिला तोड नव्हती. तीनदा आपटली ती इंग्रजीत, तिन्ही वेळा दोन-दोन गुणांनी.

वहिनीकडे अजून दोन वर्षं होती. "माझं काय, वन्सं," ती म्हणायची, "मला घाई नाही."

सरांचा नियम असा, की शब्द नुसता पाठ करायचा नाही, कुणावर तरी वापरायचा. तीनदा वापरला की तो आपला. वापरायला घरात दुसरं होतं कोण? एकीचा दादा आणि दुसरीचा नवरा असलेला गृहस्थ पुढच्या खोलीत डोळ्याला भिंग लावून घड्याळं दुरुस्त करायचा. त्याला मराठीतली शिवीही लागत नसे.

"वहिनी, तुम्ही ॲरोगंट आहात."

"म्हणजे?"

"शेफारलेल्या."

"आणि तुम्ही पॅरासाइट. दुसऱ्याच्या जिवावर वाढलेलं बांडगूळ. अजून दोनदा म्हणते, थांबा."

अर्थ सांगावाच लागे. समोरच्याला न कळलेली शिवी फुकट जाते. भांडण असं रंगायचं, की दुरुस्तीला आलेली बंद घड्याळं भिंतीवरच्या भिंतीवर चालू होत, आणि दादा ते श्रेय निमूटपणे घेई.

आठवड्याभरात नणंदेच्या ध्यानात आलं, की वहिनीचं अर्धं पुस्तक आपल्याला घरबसल्या मिळतंय. मग ती मुद्दाम कुरापत काढू लागली. वहिनीचा टॉवेल ओला करून ठेवला की नऊ शब्द. दूध उतू घालवलं की चौदा. ते ऐकून घ्यायचे आणि मोरीत जाऊन हातावर उतरवायचे.

एकदा भांडी घासताना तिची बाही वर सरकली. मनगटापासून कोपरापर्यंत आपल्याच शिव्या, सुवाच्य अक्षरात, क्रमवार लावलेल्या, हे वहिनीनं पाहिलं. त्या क्षणापासून वहिनी गोड झाली.

"टॉवेल ओला वाटतं, वन्सं? असू दे हं."

परीक्षेला नऊ दिवस होते आणि नणंद आरपर्यंतच पोचली होती. पुढे एस, सगळ्यात जाड अक्षर. तिनं वहिनीच्या चहात मीठ घातलं. वहिनी मिटक्या मारत प्यायली. तिची एक चप्पल छपरावर फेकली. वहिनी अनवाणी बाजारात जाऊन आली. दात इतके आवळलेले, की तिच्या गालाला सूज चढली, पण तोंडातून शब्द नाही.

पाच दिवस उरले तेव्हा दवाखान्यातली डॉक्टरीणबाई घड्याळ न्यायला आली. वहिनी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी. नणंदेनं आवाज लोण्यात बुडवला.

"आमच्या वहिनी फार समजूतदार हो. फॉर्म भरला तो आपला माझ्या सोबतीला. त्यांना कुठे नोकरी करायचीय? घरातच शोभतात त्या."

ट्रे खाली आला आणि एस सुरू झालं. नणंदेनं काही लपवलं नाही. वही मांडीवर घेतली, पेन उघडलं. आपण फसलोय, हे वहिनीला दिसत होतं. थांबता येत नव्हतं. सेल्फिश, आपमतलबी. ट्रेचरस, दगाबाज. अनग्रेटफुल, कृतघ्न. डॉक्टरीणबाई अवघडून घड्याळाला चावी देत राहिली आणि स्प्रिंग तुटली.

"सावकाश, वहिनी," नणंद म्हणाली. "व्ही झालं का?"

रात्रीपर्यंत वहिनीचा घसा बसला होता. "आता तुम्ही बोला," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "माझं डीपासून सगळं राहिलंय. काढा ना मनातलं."

"छे हो. तुमच्याबद्दल वाईट बोलायला माझी जीभ कशी रेटेल? चहा घेता?"

परीक्षेपर्यंत त्या घरात इतक्या गोडीनं बोलणं झालं, की दादाला झोप लागेना आणि दुकानातलं एकूण एक घड्याळ बंद पडलं.

नणंद पास झाली, वहिनी दोन गुणांनी राहिली. नोकरी दोन दिवसांच्या प्रवासावर मिळाली. आपलं अर्धं पुस्तक घरी ठेवणं सोपं होतं, पण नणंदेनं ते पेटीच्या तळाशी घालून नेलं. निरोप द्यायला वहिनी बाहेर आली नाही.

महिन्यानं जाडजूड पत्र आलं. मायना नाही, खुशाली नाही. डी, ई आणि एफ. डिसीटफुल, म्हणजे कपटी. खाली तीन वाक्यं, तिन्ही वहिनीवर. तिच्या चालण्यावर, तिच्या स्वयंपाकावर, तिच्या माहेरावर. नव्वद शब्द, दोनशे सत्तर वाक्यं, एकही पुन्हा आलेलं नाही.

वहिनी वाचता वाचता लालबुंद झाली. पत्राचा बोळा करून तिनं तो केराच्या डब्यात टाकला. स्वयंपाक आटोपल्यावर काढला, पाट्याखाली दाबून सरळ केला आणि दुपारभर त्याच्यासमोर बसली.

"अहो," तिनं पुढच्या खोलीत हाक मारली, "तुमच्या बहिणीला लिहा, अक्षर किडकं आहे म्हणावं मेलीचं. आणि विचारा, जी कधी पाठवतेय?"