बहात्तिनबाबाचं केसतेल

शुक्रवारची नमाज सुटली की तुर्कस्तानातल्या सोउकसू गावच्या चहाबागेत, म्हणजे झाडांखाली टेबलं मांडलेल्या चहाच्या दुकानात, पाय ठेवायला जागा उरत नसे. टोप्या काढून हातात धरलेले म्हातारे, लग्न जमत नाही म्हणून आईने ओढून आणलेले तिशीतले घोडे, डोक्याचे रुमाल हनुवटीखाली घट्ट बांधलेल्या बायका. सगळ्यांच्या हातात रिकाम्या बाटल्या. आणि अक्रोडाच्या झाडाखाली, उंच खुर्चीवर, खांद्यावर दाट केस रुळवत बसलेला बहात्तिनबाबा.

"केस म्हणजे काय? गवत!" तो म्हणायचा. "गवत कुठं उगवतं? ओल असते तिथं. तुमच्या डोक्यात ओल नाही, कारण मनात ओल नाही. वरून डॉक्टरच्या गोळ्या खाता. गोळी म्हणजे मीठ! मिठागरात कुणी गहू पेरतं का?"

"नाही, नाही!"

"मग गोळ्या बंद, तेल चालू. आणि संशय घ्यायचा नाही. संशय घेतला की मुळं जळतात!"

ही शेवटची अट फार सोयीची होती. केस आले तर तेलाने, नाही आले तर तुमच्या संशयाने.

कडेच्या टेबलावर नेजात गार झालेला चहा ढवळत बसलेला असे. तो गावच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवायचा. सोउकसूत मास्तरलाही होजा म्हणत आणि मंतरून पाणी देणाऱ्यालाही होजाच. त्यामुळे हल्ली लोक त्याला 'शाळेचा होजा' म्हणू लागले होते, म्हणजे दुय्यम. त्याने ते तेल शाळेत तपासून पाहिलं होतं. कलौंजीचं तेल, थोडं अत्तर, बाकी काही नाही. तसं त्याने चारचौघांत सांगितलंही होतं.

"शाळेचे होजा," बेकरीवाला फेहमी म्हणाला होता, "तुमच्याकडे कृपा मोजायचं यंत्र आहे का?"

सगळे हसले होते. नेजातने पुन्हा तोंड उघडलं नव्हतं. समजावून सांगून त्याचा जीव मेटाकुटीला आला होता. शिवाय खरी अडचण वेगळीच होती. चमत्कार गावाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. बहात्तिन काही परका नव्हे. काल-परवापर्यंत तो मेंढ्यांचा ट्रक चालवायचा आणि मागची झालर सोडली तर त्याचं टक्कल भोपळ्यासारखं तुळतुळीत होतं. मुलं त्याला 'आरसा' म्हणून चिडवायची. मग तो एकाएकी गावातून गेला. डोंगरातल्या गुहेत एकांतात बसलाय, असं त्याच्या बायकोने सांगितलं. वर्षभराने परतला तो कपाळापासून मानेपर्यंत काळ्याभोर केसांनिशी. आता यावर शाळेचा होजा काय बोलणार?

नेजात गप्पच राहिला असता. पण त्याच्या थोरल्या बहिणीने, पेरिहानने, गोळ्या सोडल्या.

पेरिहानला थायरॉईडचा त्रास होता. त्यातच केस गेले. रुमालाखाली काय उरलंय ते ती आरशालाही दाखवत नसे. भर जूनमध्ये तिच्या अंगावर लोकरी जाकीट दिसायला लागलं. चेहरा सुजला, आवाज घोगरा झाला. एकदा नेजात घरी गेला तर सूप करपून धूर झालेला आणि ती शेगडीसमोर उभ्याउभ्याच पेंगत होती.

"आब्ला!" त्याने तिला हलवलं. आब्ला म्हणजे ताई; वयाने मोठ्या बाईला गावात सगळेच अशी हाक मारत. "गोळ्या घेतेस ना?"

"बाबा नको म्हणालाय."

"डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलं होतं? आयुष्यभर घ्यायच्या. हृदयावर येईल हे सगळं."

"त्या गोळ्यांनी माझे केस आले का?" ती सावकाश, एकेक शब्द ओढत बोलत होती. "बहात्तिनला आले. मी त्याचं टक्कल पाहिलंय, नेजात. तू नाही पाहिलंस?"

नेजातने पाहिलं होतं. त्याने करपलेलं भांडं शेगडीवरून उतरवलं.

बहात्तिनच्या केसांचं उत्तर मिळालं ते पुढच्या शुक्रवारी, चहाबागेबाहेरच्या कारंज्यापाशी. बहात्तिन हातपाय धुवायला वाकला होता. उकाड्यामुळे त्याने ओंजळभर पाणी मानेवर घेतलं. ओले केस चिकटून दुभंगले आणि फटीतून एक रेघ दिसली. पांढरी, गुळगुळीत, कानामागून निघून आडवी दुसऱ्या कानाकडे गेलेली. बहात्तिनने झटकन केस सारखे केले.

मागे उभ्या नेजातचा हात आपसूक स्वतःच्या मानेवर गेला.

कारण तशीच रेघ तिथेही होती. लग्नाआधी तो इस्तंबूलला जाऊन केस लावून आला होता. डोक्याच्या मागची कातडीची पट्टी कापायची, जखम शिवायची आणि त्या पट्टीतली केसांची मुळं एकेक करून पुढे रोवायची. मागचे केस सहसा झडत नाहीत, आणि पुढे नेऊन लावले तरी त्यांचा स्वभाव बदलत नाही. ही गोष्ट फक्त त्याच्या बायकोला ठाऊक होती आणि ती आता हयात नव्हती. इतकी वर्षं त्याने मागचे केस कधी बारीक कापू दिले नव्हते. वाऱ्यात तो भिंतीला पाठ करून उभा राहायचा, पोहायला जायचा नाही. मुलांना अणूची रचना शिकवणारा माणूस, आणि त्याला स्वतःच्या मानेची लाज.

'मी सांगितलं तर आधी माझ्यावर हसतील,' त्याला वाटलं. मग पेरिहानचा सुजलेला चेहरा आठवला आणि तो सरळ न्हाव्याकडे गेला.

"मागून मशीन फिरव. अगदी बारीक."

एक झुपका खाली पडला आणि न्हाव्याचा हात थांबला. "होजा, हे काय झालं होतं?"

"तू कापत राहा. सांगणारच आहे, पण सगळ्यांना एकदाच. दोनदा सांगायची ताकद नाही."

तो बागेत शिरला तेव्हा बाबाचं गवत-पुराण रंगात आलं होतं. पेरिहान पहिल्या रांगेत जाकीट लपेटून बसली होती. नेजात झाडाखाली जाऊन गर्दीकडे पाठ करून उभा राहिला. आधी खसखस पिकली, मग कुजबूज सुरू झाली.

"बघून घ्या," तो म्हणाला. "ही ऑपरेशनची खूण आहे. इथली पट्टी कापून माझ्या कपाळावर केस लावलेत. लावलेले केस आधी गळतात आणि नीट यायला वर्षभर लागतं. बहात्तिनची गुहाही वर्षाचीच होती. त्याच्या केसांखाली अशीच रेघ आहे. केस बारीक केले की ती दिसते, म्हणून बाबा केस कापत नाही."

"संशय!" बहात्तिन ओरडला. "मुळं जळाली याची! ती... ती देवदूताच्या बोटाची खूण आहे!"

"मग देवदूताने शाळेच्या होजालाही बोट लावलं म्हणायचं," फेहमी बेकरीवाला म्हणाला. या वेळी हशा दुसऱ्या बाजूने आला.

पण खात्री करायला बाकी कुणीच उठलं नाही. उठली ती पेरिहान. खुर्च्यांना धरत, धापा टाकत ती बाबापाशी पोचली.

"केस वर कर, बहात्तिन."

"आब्ला, परक्या बाईने हात लावला तर पावित्र्य..."

"परकी? तू शाळेत होतास तेव्हा तुझ्या डोक्यातल्या उवा मी काढल्यात. तू उचलतोस की मी उचलू?"

त्याने मान खाली घातली. तिने केस उचलले. पुढच्या रांगेतल्या सगळ्यांना ती रेघ दिसली.

बहात्तिनने केस पुन्हा मानेवर ओढले. बोलला तेव्हा त्याचा आवाज ट्रक ड्रायव्हरचा होता. "काय सांगणार होतो? आरसा आरसा करून जीव खाल्लात माझा. परत आलो तर विचारलंत, काय लावलंस? लाजेने तोंडातून 'तेल' निघून गेलं. दुसऱ्या दिवशी दारात बाटल्या घेऊन उभे होतात."

"आणि माझ्या गोळ्या?" पेरिहानने विचारलं. "त्यासुद्धा लाजेनेच बंद केल्यास?"

बहात्तिन उंच खुर्चीवरून खाली उतरला.

नेजात लोकांकडे वळला. भाषण करायचा उत्साह त्याच्यात उरला नव्हता. "टक्कल पडणं गुन्हा नाही," तो म्हणाला, "आणि केस लावून घेणंही नाही. पण आपण लाजेने झाकतो तिथेच कुणीतरी दुकान मांडतं. मीही झाकून बसलो होतो. जो म्हणेल संशय घेऊ नका, त्याला आधी विचारा, का घेऊ नको? आणि औषध बंद करायचं तर ज्यांनी दिलं त्यांना विचारून करा. एवढं केलंत तरी पुष्कळ आहे."

गर्दी पांगली. तरी दोन बायका जाताजाता बाटल्या भरून घेऊन गेल्याच, असू दे घरात म्हणून. नेजातने ते पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

घरी जाताना पेरिहान त्याच्या दंडाला धरून चालत होती. "मला सांगितलं असतंस तर मी त्याच्या नादी लागले असते का रे?"

"नसतीस लागली."

"लपवायला शिकलास, शहाणा व्हायला नाही."

दुसऱ्याच दिवशी तो तिला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. हिवाळ्यापर्यंत सूज उतरली आणि आवाज मोकळा झाला. केस थोडेफार आले, पहिल्यासारखे नाहीत. बहात्तिन पुन्हा ट्रक चालवू लागला. शेजारच्या गावात आता एक बाई फुंकर मारून गुडघे बरे करते असं ऐकू येतं, आणि सोउकसूहून तिकडे बस भरून जाते.

एवढ्या मोठ्या चमत्काराचा निकाल लावायला फार विद्या लागली नाही. मानेवरचे केस उचलून बघायचे होते. बागेत दर शुक्रवारी शेकडो हात होते आणि प्रत्येक हातात बाटली होती. एखादा हात मोकळा असता, तरी पुरलं असतं.