खंडेनवमीला काढलेली जाळी

भाषण ठोकायला मला कधी आग्रह करावा लागत नाही. बोलणाऱ्याची बोरं विकतात म्हणतात, त्या हिशेबानं मी आजवर बियासुद्धा विकल्या. म्हणून विधिमंडळाची समिती नांदेडला येणार, शेतयंत्रांच्या सुरक्षिततेच्या नव्या विधेयकावर लोकांचं म्हणणं ऐकणार असं कळलं, तेव्हा अहमदपूर तालुक्यातल्या मळणी यंत्रवाल्यांनी एकमतानं माझं नाव दिलं. मळणी यंत्राला आमच्याकडे हडंबा म्हणतात. हडंब्याच्या पट्ट्यावर जाळी नसेल आणि कुणाला इजा झाली तर गुन्हा मालकावर, असं विधेयकात लिहिलं होतं. म्हणजे माझ्यावर.

माझं डोकंच फिरलं. व्यंकट हाही हडंबावाला, तो म्हणाला, "साहेबराव, सांगून टाक त्यायला. मजूर ध्यान देत न्हाईत अन् मार आमाला!" मी दोन पानं लिहून काढली. त्यात 'चोर सोडून संन्याशाला फाशी' असं एक वाक्य होतं. ते लिहिताना मी स्वतःवरच खूश झालो होतो, हे सांगायला आता लाज वाटते.

सभागृहाच्या दाराला बोलणाऱ्यांची यादी लावली होती. चौदावं नाव माझं. तेरावं महानंदाचं.

महानंदा आमच्याच गावची, मजुरी करणारी. चार वर्षांपूर्वी सोयाबीनच्या मळणीत माझ्या हडंब्यात तिचा उजवा हात कोपरापासून गेला. पंचनाम्यात ही हकिकत एका ओळीत आहे: जाळी बसवलेली होती, मजूर स्त्रीचं लक्ष नव्हतं.

खरी हकिकत वेगळी आहे. खंडेनवमीला आम्ही अवजारं पुजतो. हडंबा धुवायचा, जाळ्या-झाकणं काढायची, पुलीला आणि पट्ट्याला हळदकुंकू लावायचं, नारळ फोडायचा. झाकणावरून केलेली पूजा पत्र्याला पोचते, यंत्राला नाही, असं वडील म्हणायचे. आणि दसरा नि सोयाबीनची घाई एकदमच येते. चार बोल्ट परत कोण आवळत बसणार? जाळी गोठ्यात राहिली. तिसऱ्या दिवशी महानंदानं साडीवर घातलेल्या सदऱ्याची बाही पट्ट्यानं ओढून घेतली. हंगामात कुणाच्याच हडंब्याला जाळी नसते, त्यामुळे खळ्यावरच्या माणसांच्या ती गोष्ट ध्यानातही आली नाही.

दवाखान्यात ती शुद्धीवर आल्यावर मी हात जोडले. म्हणालो, "महानंदा, जाळी व्हती, माझंच ध्यान नव्हतं, असं सांग पोलिसाला. हडंबा जप्त झाला तर मी मेलो."

"बरं दादा," एवढंच ती म्हणाली आणि तिनं शब्द पाळला. गावानं तिला धांदरट ठरवलं. पोरी मळणीला निघाल्या की आया बजावतात, "महानंदागत करू नका, ध्यान ठेवा." एका हातानं होणारं कामसुद्धा तिला कुणी सांगेना. मी हे कानानं ऐकत होतो, आणि ग्रामसभेत गटारीवर भाषणं करत होतो.

"तू इथं?" मी दारात तिला विचारलं.

"ऋतुजाच्या मास्तरनं नाव लिवून दिलं," ती म्हणाली. ऋतुजा तिची मुलगी. "भिऊ नका दादा, तुमचं नाव न्हाई घेत. फकस्त मी धांदरट नव्हते, येवढं कुटंतरी कागदावर यावं. लई वाटतंय तसं."

तिचा पुकारा झाला. ती उभी राहिली आणि म्हणाली, "पट्ट्याला जाळी पायजे साहेब. कायदा करा."

समितीतल्या एका सदस्यानं अपघातांच्या जबाबांची फाईल उलटली. "बाई, जाळी होती असं तुमच्याच जबाबात आहे. तुमचं लक्ष नव्हतं, हेही तुम्हीच सांगितलंय. मग जबाब खोटा होता का?"

महानंदानं सगळ्या सभागृहाकडं पाहिलं, एक माझ्याकडं सोडून. डाव्या हातानं पदर नीट केला.

"न्हाई साहेब. लिवलंय तसंच हाय."

"मग बसा." सदस्य अध्यक्षांकडे वळले. "सगळे जबाब असेच आहेत. मजुरांना प्रशिक्षण द्यावं, कायद्याची गरज मला तरी दिसत नाही."

म्हणजे मी तोंड न उघडताच जिंकलो होतो. व्यंकट असता तर त्यानं टाळी दिली असती. मला मात्र माझी स्वतःची इतकी किळस आली की खिशातली दोन पानं बाहेर काढवेनात. एवढ्या लांब ती एका वाक्यासाठी आली होती, आणि ते वाक्य माझ्यासाठी गिळून खाली बसली.

माझं नाव पुकारलं. मी म्हणालो, "साहेब, आत्ताची बाई खोटं बोलली. माझ्यासाठी बोलली. खंडेनवमीला जाळी मी काढली अन् परत लावली न्हाई. तिचं ध्यान व्हतं, माझं नव्हतं."

लिहून घेणारा म्हणाला, सावकाश सांगा. मी पुन्हा सांगितलं.

"यादीत तुम्ही विरोधक आहात," अध्यक्ष म्हणाले. "आणि हे बोलण्याचे परिणाम होतील, माहीत आहे ना?"

"हाव. आता मला कायद्याच्या बाजूनं लिवा."

परतीच्या एसटीत मला हलकं वाटत होतं. खरं सांगायचं तर थोडा ताठाही आला होता. पुढच्या सीटवर बसलेली महानंदा आता काहीतरी बोलेल, डोळ्यांना पदर लावेल, अशी वाट बघत होतो. लोहा गेलं तरी ती खिडकीबाहेरच बघत होती. मग वळून म्हणाली, "दादा, बरं केलात. पर त्या साहेबायनं मला कवा धांदरट म्हटलं? ते मला वळखतात तरी का? म्हणतंय ते आपलं गाव."

खिशातली दोन पानं मी फाट्यापर्यंत चुरगाळत बसलो.

आम्ही फाट्यावर उतरलो तेव्हा ऊन कलत आलं होतं. हॉटेलाच्या बाकड्यावर व्यंकट आणि गावातले आठ-दहा जण माझीच वाट बघत चहा पीत होते. "काय साहेबराव, हाणलं का भाषण?" व्यंकट ओरडला. महानंदा नेहमीसारखी कडेकडेनं गावाकडे निघाली.

"महानंदा, थांब," मी म्हणालो.

ती थांबली. नांदेडात अनोळखी माणसांपुढे धडाधड बोललो होतो, इथं एकेक चेहरा लहानपणापासूनचा होता.

"व्यंकट, चहा ठिव खाली," मी म्हणालो. "अन् समदे ऐका. पंचनामा खोटा हाय. हिचा हात माझ्यामुळं गेला."

महानंदा होती तिथंच, भर फाट्यावर, मटकन खाली बसली आणि मोठ्यानं रडायला लागली. दवाखान्यातसुद्धा ती रडली नव्हती.