एक शाळा की दोन बस

बॅलीकीन गावच्या प्रोटेस्टंट शाळेत सव्वीस पोरं आणि रस्त्यापलीकडच्या कॅथलिक शाळेत तीस. बेलफास्टचं सरकार दोन्ही पंथांच्या भांडणापायी कधी असतं, कधी नसतं. पण तिजोरीत खडखडाट आहे हे सांगायला त्यांचा माणूस प्रोटेस्टंट पालकांच्या सभेला अगदी वेळेवर आला. हॅस्लेट त्याचं नाव. "दोघं एकत्र आलात तर एक शाळा चालू ठेवू, मदतनीस बाईंसकट. नाहीतर दोन्ही बंद," एवढं बोलून तो चहाला लागला.

आयरिस मकँडलेस पालकांमध्ये मागे बसली होती. तिच्या नऊ वर्षांच्या लोर्नाला बोलता येत नाही. मदतनीस मिसेस गिब यांना तिच्या खुणा कळतात म्हणून ती शाळेत टिकली होती. परक्या माणसाने हात लावला की ती डोकं आपटून घ्यायची. शाळा कुठल्या छपराखाली भरते याचं आयरिसला सोयरसुतक नव्हतं. मिसेस गिब राहायला हव्या होत्या, बस्स.

तिचा दीर ट्रेव्हर उठला. "इमारत कुणाची घेणार? त्यांचीच! म्हणजे आपली पोरं जपमाळ ओढायला मोकळी."

"त्यांना येऊ दे की इकडे," कुणीतरी ओरडलं.

"ते येतायत होय! वाट बघ."

सगळे खदाखदा हसले. आयरिस त्याच्याकडे वाकून म्हणाली, "ट्रेव्हर, लोर्नाचं काय रे?"

"बघू ना आपण सगळे. घरचेच आहोत."

"वर्षभरात एक दुपार तरी बघितलीस तिला?"

"चारचौघांत तमाशा करू नकोस, आयरिस."

हॅस्लेटने विचारलं, एकत्र यायला कोण तयार आहे? एकही हात वर गेला नाही. विरोधात कोण? सगळ्या हॉलचे हात वर गेले. ट्रेव्हर मान वळवून तिच्याकडेच बघत होता. आयरिसने हात वर केला, त्याला नीट दिसेल एवढा. त्या क्षणी तिला स्वतःची किळस आली, तरी हात खाली घेतला नाही.

पलीकडच्या शाळेतही तेच झालं. दुकानात ब्रोना मगर्क भेटली. तिचा मुलगा त्या शाळेतला. "आमच्याकडेही कुणी तयार झालं नाही," ती म्हणाली.

"तू?"

"तू झालीस?"

दोघी आपापलं पाव-दूध उचलून चालत्या झाल्या.

दोन्ही शाळा बंद झाल्या, मिसेस गिबही गेल्या, आणि सप्टेंबरात दोन बस आल्या. शाळेला पैसे नव्हते, पण दोन जातींची पोरं दोन गावांना पोचवायला दोन बसचे पैसे निघाले. दोन्ही अर्ध्या रिकाम्या.

बसमधल्या नव्या बाईने लोर्नाला दंडाला धरून बसवलं, आणि लोर्ना काचेवर डोकं आपटायला लागली. धाड, धाड. "सवय होईल गं," बाजूला उभा राहून ट्रेव्हर म्हणाला, "शेवटी आपल्याच लोकांत चाललीय."

"तोंड बंद कर," आयरिस म्हणाली, "नाहीतर मी तुझं फोडीन."

तेवढ्यात ड्रायव्हर खाली उतरला. "बाई, हिला उतरवून घ्या. आणि उद्यापासून आणू नका."